मी जेवते मागनं

आमची नातवंडं कॉलेजात गेली, तरी माझ्या बायकोला जेवताना मी कधी नीट बघितलं नव्हतं. कुणाला हे खोटं वाटेल. आमच्या बाजूच्या म्हाताऱ्यांना वाटणार नाही. आपण ताटावर बसायचं, तिनं तव्यावरची एकेक भाकरी गरम गरम आणून टाकायची, आपण हात धुवायचा आणि पटका डोक्याला गुंडाळून बाहेर पडायचं. मागं स्वयंपाकघरात ती कधी बसते, काय खाते, किती खाते, हा काही विचार करायचा विषय नव्हता. खातच असणार, नाहीतर माणूस एवढं राबेल कसं?

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं म्हशी. कोल्हापूरच्या कडेला आमचं गाव. आता शहर सरकत सरकत गोठ्यापर्यंत आलंय, तेव्हा मध्ये नुसता ऊस होता. सायकलला किटल्या अडकवून मी शहरात घरोघर दूध घातलं आणि त्यावर घर उभं केलं. पोरगा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आहे, सून पदवी घेतलेली, तीही तिथंच एका ऑफिसात. हे सांगायचं कारण, पुढचं वाचून कोण म्हणेल, म्हातारा अडाणी होता म्हणून असं झालं. तसं नाही. घरात शिकलेली माणसं होती, औषध होतं, डॉक्टर चांगली होती आणि मी शब्द दिला होता. सगळं असून झालं.

बायकोला साखर निघाली. पहिल्यांदा गोळ्या होत्या, मग त्यांनी भागेना. शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन सुरू करायचं ठरवलं आणि त्या दिवशी आम्हा दोघांना समोर बसवून घेतलं. वयानं पोर, पण बोलायला ठाम.

"आजी, तुम्हाला खायला काय आवडतं?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. "ह्यास्नी रस्सा लागतोय. आन् भाकरी तव्यावरची."

"ते आजोबांचं झालं. तुम्हाला काय आवडतं?"

"नातवाला पोहे लागत्यात."

"आजी, तुम्हाला."

बायको पदर बोटाला गुंडाळायला लागली. परीक्षेत न येणारं गणित पडल्यावर पोरं करतात तशी तिची गत झाली. मला बघवेना, म्हणून मी म्हणालो, "तिला सगळं चालतंय बाई. तिची काय तक्रार नसती."

"मी त्यांना विचारतेय, आजोबा."

मला राग आला. माझ्या बायकोविषयी मी सांगायचं नाही तर कुणी? पण त्याहून जास्त मला तिच्या तोंडाकडं बघून वाईट वाटलं. ती लपवत नव्हती. ती खरंच शोधत होती आणि तिला सापडत नव्हतं. शेवटी म्हणाली, "मला असं काय नसतंय वो."

बाईंनी लिहायचं थांबवलं. मग त्यांनी समजावलं, की इंजेक्शन घेतलं की अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे. नाही गेलं तर साखर एकदम खाली येते. घाम सुटतो, हात कापतात, माणूस असंबद्ध बोलतं आणि तसंच राहिलं तर मेंदूला धोका. "कुणासाठी थांबायचं नाही. घरात कोणी जेवलं असो वा नसो."

"तुमी काळजी करू नगा," मी म्हणालो. "ती जेवंल. माझा शबूद हाय." आणि मी दिलेला शब्द खाली पडलेला गावात कुणी बघितलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सुनेनं कामावर जायच्या आधी इंजेक्शन दिलं. मी पाट घेऊन तिच्यापुढं बसलो.

"जेव."

"तुमचं व्हायचंय अजून."

"माझं व्हईल. तू जेव म्हंटलं की जेव."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला. घास या गालातनं त्या गालात फिरत राहिला. खाली उतरेना. डोळ्यात पाणी आलं. मला वाटलं नाटक करतेय. मी म्हणालो, "गिळ की!" तिनं पाण्याचा घोट घेऊन गोळी ढकलावी तसा तो घास ढकलला आणि म्हणाली, "तुमच्या आधी गिळलं की हितं अडकतंय बघा." तिनं गळ्यावर हात ठेवला.

माझ्या ध्यानात त्या वेळी आमची एक म्हैस आली. ती माझ्याच हाताला पान्हा सोडायची. मी आजारी पडलो की पोरगा बसायचा, धाकटा भाऊ बसायचा, पेंड घाला, पाठ थोपटा, काही करा, तिचं दूध वर चढलेलं ते खाली येत नसे. ती हट्ट करत नव्हती. तिला मारून कुणी तसं शिकवलं नव्हतं. रोजच्या रोज तेच होत होत तिच्या आचळातच ते जाऊन बसलेलं. बायकोला म्हशीची उपमा दिली म्हणून कोणी हसेल तर हसू दे. मी म्हशींच्या जिवावर माणसात आलोय.

पोरगा म्हणाला, "आण्णा, सगळे एकदमच बसू. टेबल आणलंय कशाला?" टेबल त्यानं हौसेनं आणलं होतं, त्यावर पोरांची दप्तरं पडलेली असायची. आम्ही सगळे बसलो. ती खुर्चीच्या कडेवर टेकली, एक पाय खाली उठायच्या तयारीत. कुणाच्या ताटातली भाकरी संपली की ती उठायची. कुणाचं पाणी संपलं की उठायची. सून म्हणाली, "आत्ती, बसा हो, मी देते." तर तिनं सुनेकडं असं बघितलं, की ती पोर उठता उठता परत बसली. आमचं जेवण झालं आणि तिच्या ताटात पहिली चतकोर तशीच होती. ताट उचलताना म्हणाली, "तुमी उठा. मी जेवते मागनं."

मग मी शिळी भाकरी खायचं ठरवलं. हे माझ्यासारख्या माणसाला सोपं नाही. गरम भाकरी पाहिजे म्हणून तर बाई तव्यापुढं अडकते, एवढं मला समजत होतं. मी म्हणालो, "उद्यापासनं सकाळीच सगळ्या करून ठेव. मी थंड खातो."

ती चूल आवरत होती. हातातलं फडकं तिथंच थांबलं.

"काय चुकलं माझं?"

"काय चुकल्यालं न्हाय. तुझ्यासाठी म्हणतोय."

"माझ्या हातचं नगं झालं व्हय आता?" आणि ती रडायला लागली. एवढ्या वर्षांत पोरगी सासरी जाताना सोडली तर मी तिला अशी रडताना बघितली नव्हती. गरम भाकरी नको म्हटलं, म्हणजे मी तिला घरातनं काढल्यासारखंच तिला झालं. मी दुसऱ्या दिवशी गरम भाकरी खाल्ली.

त्याच आठवड्यात तिनं मला एक सांगितलं. तिचं माहेर कुरुंदवाडच्या बाजूचं. लग्न होऊन आली तेव्हा तिला भूक फार लागायची. अंगानं वाढती पोर होती. एक दिवस चुलीपाशी बसून तिनं कुणी जेवायच्या आधी कडेची भाकरी मोडून खाल्ली. माझ्या आईनं बघितलं. आई रागावली नाही. माझी आई वाईट नव्हतीच. तिनं नुसतं शेजारणींना हसत सांगितलं, "आमच्या सुनंला दम निघत न्हाय बाई, चूल पेटायच्या आधी जेवती." शेजारणी हसल्या. नदीवर धुणं धुताना हसल्या. "आलीस व्हय जेवून?" असं विचारायच्या.

"मग?" मी विचारलं.

"मग काय? भूकच लागायची थांबली."

मी म्हणालो, "एवढंच?" ती म्हणाली, "एवढंच." मारलं असतं तर ती विसरली असती. आमच्याकडं मार कोण लक्षात ठेवतो? पण ते हसणं तिच्या गळ्यात बसलं होतं.

मी हरणारा माणूस नाही. मी माझं जेवणच पुढं ओढलं. सकाळी तिला इंजेक्शन व्हायच्या आधी, भूक नसताना, आठाच्या सुमाराला मी ताटावर बसायला लागलो. पोटात चहासुद्धा जिरलेला नसायचा. मी तिच्या देखत ताट पुसून खायचो, ढेकर द्यायचो आणि म्हणायचो, "झालं माझं. आता तू." मग तिचा घास उतरायचा. बरेच महिने हे चाललं. डॉक्टरीणबाई खूष झाल्या.

डेअरीच्या कट्ट्यावर मात्र बोभाटा झाला. आमच्या वयाची मंडळी तिथं बसलेली असतात.

"काय पावणं, आज आठाला जेवून आलासा म्हणं? शाळंत नाव घातलंय काय?"

"न्हाय रं, घड्याळाला चावी वहिनींनी दिलीया."

"आता परकर कवा घालतोस सांग, बघायला यितो."

मी म्हणालो, "माझ्या घरातलं मी बघतो. तुमच्या बायका कवा जेवत्यात हे तुमास्नी ठावं तरी हाय काय?" मग एकजण म्हणाला, "जेवत असतील की." आणि सगळेच हसले. मीही.

त्याच दिवसांतली एक गोष्ट. सून ऑफिसला गेलेली, घरात आम्ही दोघंच. मी स्वतः ताटात भाजी-भाकरी घेतली आणि तिच्यापुढं ठेवायला निघालो. तेवढ्यात दारातनं शेजारचा आला, "हायसा काय घरात?" म्हणत. माझा हात मागं आला. मी आणला नाही, तो आला. ताट ओट्यावर ठेवून मी म्हणालो, "या की, बसा." शेजाऱ्यानं काही बघितलंही नसेल. तेव्हा मला ती घशात अडकतंय म्हणते ते काय असेल ते कळलं. पण कळून काय उपयोग? हात काही परत पुढं गेला नाही.

मग गावची म्हाई आली. कोल्हापूरकडच्या माणसाला म्हाई सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. गावदेवीचा सण, घरोघर मटण, आणि पै-पाहुण्यांना, मित्रांना, पोरग्याच्या कंपनीतल्या लोकांना जेवायला आवतण. ज्याच्या दारात जास्त पंगती उठतात त्याचं नाव. आमच्या दारात कमी उठल्यात असं कधी झालेलं नाही. तांबडा-पांढरा रस्सा, सुकं मटण आणि भाकऱ्यांची चळत. मांडवात ताडपत्रीवर आधी पुरुषांची पंगत, मग पोरांची, मग दुसऱ्या गावच्यांची, आणि सगळं उरकलं की बायकांची. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. असंच असतं.

त्या दिवशी सकाळी सुनेनं इंजेक्शन दिलं. ताटलीत भाकरी आणि वाटीत दूध घेऊन तिच्यापुढं ठेवलं. "आत्ती, माझ्यासमोर खा."

"खाते गं, तू जा. ते कांदं चिरायचं राहिल्यात."

सून कांदे चिरायला गेली. मीही जेवलो होतो सकाळी, तिच्या समोर. पण त्या दिवशी माझ्या एकट्याच्या जेवण्यानं भागणार नव्हतं. दारात पाहुणे यायला सुरुवात झाली होती. पाहुणा उपाशी आणि घरची बाई जेवलेली, हे तिच्या गळ्यातनं कसं उतरणार? ती ताटली संध्याकाळी पिठाच्या डब्यामागं झाकलेली सापडली. दुधावर साय धरली होती.

चुलवाणाच्या जाळापुढं तिला घाम सुटला होता. तिथं सगळ्याच बायकांना सुटला होता. तिनं एका पाहुण्याला एकच गोष्ट परत परत विचारली, "पोरगीचं लगीन ठरलं काय?" त्याला पोरगीच नव्हती. तो हसला, बाकीचेही हसले. "वहिनी आज खुशीत हायत," म्हणाले.

दुपारी माझी मेव्हणी मांडवात आली. "दाजी, ताई आत आडवी झालीया. दमली बिचारी. उठवू नगा तिला, मी बघते भाकरीचं."

मी दारापर्यंत जाऊन बघितलं. ती भिंतीकडं तोंड करून झोपली होती. कुणीतरी तिच्या अंगावर चादर घातली होती. घोरत होती. दमलेलं माणूस घोरतंच. मला बरं वाटलं. म्हाईच्या दिवशी, पाहुणे दारात असताना, माझी बायको दुपारची आडवी झाली, हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होतो. मला वाटलं, सुधारली. डॉक्टरीणबाईचं ऐकलं शेवटी. मी दार लोटून घेतलं आणि मांडवातल्या पोरांना सांगितलं, "त्यो स्पीकर जरा कमी करा. आत झोपलीया." पोरांनी कमी केला. आम्ही सगळ्यांनी तिची झोप जपली.

पंगतीवर पंगती उठल्या. शेवटी बायकांची पानं मांडली तेव्हा मेव्हणी तिला उठवायला गेली. "चल गं ताई, आपली पंगत बसली." ती उठली नाही. मेव्हणीनं हलवलं. मग तिनं जी हाक मारली, ती मांडवात सगळ्यांनी ऐकली.

पोरग्यानं तोंडात गूळ घालायचा प्रयत्न केला. दातखीळ बसलेली. सून ओरडली, "घालू नका, घशात अडकेल!" पाहुण्यांच्याच गाडीत घालून तिला शहरात नेलं. गावाच्या चारी बाजूला ऊस, हवेला गुळाचा वास, आणि माणूस अंगातली साखर संपून पडलेलं.

दवाखान्यात सुईनं साखर चढवली. आकडा वर आला, पण ती आली नाही. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदू फार वेळ उपाशी राहिला. आता जेवढं आहे तेवढंच.

परत येताना गाडीत पोरगा म्हणाला, "तुमच्या रीतीनं खाल्लं आईला."

"माझी एकट्याची रीत हाय व्हय ती?" मी म्हणालो. "मी कवा म्हणालोय तिला, थांब म्हणून? एकदा तरी म्हंटलंय?"

"म्हणायला लागतंय कुठं, आण्णा."

मागच्या सीटवर सून बसली होती, तिच्याकडं मी आरशातनं बघत होतो. म्हाईच्या दिवशी तीही सकाळपासनं जेवली नव्हती. ती शिकलेली, स्वतःचं कमावणारी. तिला माझ्या आईनं शिकवलं नव्हतं, माझ्या बायकोनंही नाही. तिला कुणी थांब म्हटलं नव्हतं. तिला डॉक्टरांनी समजावलेलं सगळं पाठ होतं. तरी बायकांची पानं मांडली तेव्हा तीही भुकेली होती. हे मी पोरग्याला सांगितलं नाही. तो आणखी एक टेबल आणेल, दुसरं काय करेल?

लोकांना वाटतं, समजावून सांगितलं की माणूस बदलतं. मी समजावलं, दरडावलं, भूक नसताना जेवलो. आमच्या नातीला तिची आजी कशानं पडली हे पूर्ण माहीत आहे. परवा तिचे मित्र घरी आले होते. मी बघत होतो. आधी पोरांना ताटं दिली, आणि ती उभी राहिली, मोबाईल बघत. "तू बस की," मी म्हणालो. "बसते हो आजोबा, त्यांचं होऊ दे." हसत म्हणाली. तिला ती काय म्हणाली हे कळलंसुद्धा नाही.

बायको आता घरात असते. खुर्चीत बसवली की बसते. डोळे उघडे असतात, ओळख नाही. सकाळी इंजेक्शन झालं की सून किंवा मी मऊ भात, दूध-भाकरी कालवून चमच्यानं भरवतो. चमचा ओठाला लागला की ती तोंड उघडते. घास अडकत नाही. घरात कोण जेवलं, कोण राहिलं, दारात कोण आलंय, तिला काही नसतं. शेजारचा आला तरी माझा हात आता मागं येत नाही. त्याला तरी आता काय अर्थ?

मागच्या महिन्यात तिला तपासणीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितला. त्यांना चांगलं काहीतरी सांगायचं असावं. म्हणाल्या, "आजोबा, साखर आता एकदम जाग्यावर आहे. इतकी चांगली कधीच नव्हती."

"वेळंवर जेवती," मी म्हणालो, "सगळ्यांच्या आधी."

बाईंनी मान खाली घातली. मी बायकोच्या खांद्यावरचा पदर सारखा केला आणि चाकाची खुर्ची ढकलत बाहेर आलो.